तिसरी कुणी नाही

प्रिय रोशनी,

आज बाजारात तुझी आई माझ्याशी बोलली.

पावसाळा गेला, धान कापून झालं, थंडी पडली, आणि आज पहिल्यांदा! दर बाजाराला मी तिच्या भाजीच्या पालासमोरून मान खाली घालून जायची. आज तिनं वांगी तोलता तोलता हाक मारली, "ओ मॅडम." मी थांबले. तिनं गिऱ्हाईक मोकळं केलं, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "उद्या दुपारी घरी येजा. माही पोरगी संध्याकाळभर तुमच्याच घरी बसे. काय बोले, मले सांगा. सारं सांगा."

मी हो म्हणाले. पण घरी आल्यापासून कशातच लक्ष लागत नाही. उद्या तिच्यासमोर बसायच्या आधी तुझ्याशी बोलायला हवं, असं वाटलं. तुझ्याशी बोलल्याशिवाय तुझ्याविषयी कसं बोलू?

माझी प्रज्ञा उन्हाळ्यात गेली. तिनं आत्महत्या केली. हा शब्द मी आता पूर्ण लिहिते, पूर्वी "ते झालं" म्हणायची. आणि पाऊस यंदा लांबला, तो लागायच्या आत तूही गेलीस. तशीच, आपल्या हातानं. अहेरीसारख्या गावात, एकाच मैदानावर पळणाऱ्या दोन मैत्रिणी.

खरं तर तुम्ही तिघी होता. तू, प्रज्ञा आणि भामरागडच्या पलीकडून शिकायला आलेली ललिता. पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर, परतताना माझ्या ओट्यावर. तुमच्या घामाचा, धुळीचा आणि माझ्या पोह्यांचा मिळून एक वास व्हायचा. तुला आठवतं, उंची मोजताना तू हळूच टाचा उचलायचीस, आणि मैदानावरचे सर काठी मारायला धावले की "सर, मी वाढून राह्यली!" म्हणून ओरडायचीस? गोळा फेकण्यात मात्र तुझा हात कुणी धरू शकत नव्हतं. प्रज्ञा पळायची छान, फेकायला भ्यायची. तू तिच्या मागे उभी राहून तिचा खांदा वळवायचीस. "प्रज्ञे, गोळा हाये तो, अंडं नाई!"

प्रज्ञा गेल्यावर लोकांनी लगेच कारण शोधून काढलं. भरतीत नाव लागलं नाही, म्हणून. एवढं सोपं असतं का गं? नाव तर मैदानावरच्या कितीतरी पोरींचं लागलं नव्हतं. तिला झोप येत नव्हती, ती जेवण टाळायची, आरशासमोर उभी राहून स्वतःला नावं ठेवायची, हसली तरी डोळे हसत नव्हते. आम्ही म्हणायचो, अभ्यासाचा ताण आहे. मनही आजारी पडतं, तापासारखं, हे माझ्यासारख्या मास्तरणीलाही सुचलं नाही. पण एक कारण सापडलं की लोकांना बरं वाटतं. गाठ मारली, मोकळे झाले.

पुण्यानुमोदनाच्या, तिच्या मागच्या विधीच्या दिवशी घरात पाय ठेवायला जागा नव्हती. त्रिशरण झालं, जेवणं झाली. तू कोपऱ्यात बसून ताटं पुसत होतीस. बाया माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होत्या, "सुटली बिचारी. लई सोसलं. आता सुखात हाये." मायेनंच म्हणत होत्या. मलाही त्या शब्दानं गार वाटलं. माझी लेक सुखात आहे, एवढंच मला ऐकायचं होतं. त्या दिवशी तू किती वेळा तो शब्द ऐकलास, रोशनी? सुटली, सुटली, सुटली.

मग मैदानावर मेणबत्त्या लावल्या. चौकात तिचा एवढा मोठा फ्लेक्स लागला, मागे ढग, वर कबुतरं. पोरींनी स्टेटसला तिचे फोटो ठेवले, गाणी लावली. जिवंतपणी जी तिच्याशी धड बोलत नव्हती, तीसुद्धा रडली. एका संध्याकाळी तू चहा गाळता गाळता म्हणालीस, "काकू, प्रज्ञावर सारे किती प्रेम करून राह्यले आता."

मी म्हणाले, "हो ना गं, गुणाची होती."

तुझ्या वाक्यातला "आता" मला ऐकूच आला नाही.

रोज संध्याकाळी तू यायचीस. भांडी घासायचीस, भात टाकायचीस, माझ्यासमोर ताट ठेवून बसायचीस. "काकू, दोन घास. माह्यासाठी." ह्यांना, म्हणजे प्रज्ञाच्या बाबांना, लाकूड डेपोतून यायला उशीर झाला तर तू त्यांच्यासाठी पाणी गरम करून ठेवायचीस. आम्हा दोघांना तू जगवलंस, पोरी! आणि तुला कोण जेवू घालत होतं? तू घरी जाऊन जेवत होतीस की नव्हतीस? रागावू नकोस, पण मला तुझाही राग येतो. दुसऱ्याला घास भरवायला येत होतं, स्वतःसाठी कुणाकडे हात पसरायला का नाही आलं?

आणि ते स्वप्न. तू सांगितलंस, "काकू, प्रज्ञा सपनात येते. मैदानावर उभी रायते, मले हात करून बोलावते." मी काय विचारलं? कोणता ड्रेस होता? केस मोकळे होते का? हसत होती का? माझ्या स्वप्नात ती एकदाही आली नव्हती, मी हावरी झाले होते. तू सगळं सांगितलंस, निळा टी-शर्ट, दोन वेण्या. मी ऐकत राहिले, डोळे पुसत राहिले. ती तुला बोलावते आणि तुला काय वाटतं, हा प्रश्न मात्र घरातल्या एकाही माणसाच्या तोंडून निघाला नाही. आम्ही सगळे गेलेल्या मुलीकडे पाहत होतो. आमच्या समोर बसलेली मुलगी आम्हाला दिसली नाही.

शाळा नुकतीच उघडली होती, तिथंच तू गेल्याची बातमी आली. मी वर्ग तसाच सोडून तुझ्या घरी धावले. तुझी आई दारात बसली होती. मला पाहिलं आणि उठली. "तुह्या पोरीनं नेली माह्या पोरीले! सपनात येऊन येऊन नेली! आता काऊन आली? दुसरी हाये, तिलेई घेऊन जाय!" आत तुझी धाकटी बहीण होती. बायांनी तुझ्या आईला धरलं. मी तुला शेवटचं पाहिलंही नाही.

आम्ही भूतखेत मानणारे नाही, तुला माहीत आहे. माझे आजोबा दीक्षेनंतर घरातले सगळे देव नदीवर ठेवून आले, तेव्हापासून आमच्या घरात कुणी अंगारा लावला नाही. पण त्या दिवशी घरी आल्यावर मी चपलाही काढल्या नाहीत. प्रज्ञाच्या फोटोसमोर उभी राहून मी मोठ्यांदा विचारलं, "खरंच का गं? तू बोलावलंस?" कोणत्या आईवर अशी वेळ यावी!

खरी भीती त्यानंतर सुरू झाली. मैदान ओस पडलं. आयाबायांनी पोरींना तिकडे पाठवणं बंद केलं. आणि बाजारात, नळावर, बसस्टँडवर एकच वाक्य: "दोन गेल्या. आता तिसरी जाईनच. तिनाचं असतेच तसं."

तिसरी कोण, हे सांगायची कुणाला गरज नव्हती. ललिता रस्त्यानं निघाली की लोक बोलता बोलता थांबायचे. तिच्या खोलीमालकिणीनं तिला गोड बोलून सांगितलं, पोरी, काही दिवस गावी जाऊन ये, आमच्या घरात लेकरंबाळं आहेत. ललिता जायच्या आधी माझ्याकडे आली. बॅग दारातच ठेवली. आत येईना.

"काकू, साऱ्यायच्या डोळ्यात माहा नंबर लागला हाये," ती म्हणाली. "मले पाह्यतात आन् मनातल्या मनात मोजतात. मलेई वाटून राह्यलं, आता माहीच बारी."

मी तिचा हात धरेपर्यंत समोरच्या रस्त्यावर बस आली. ती गेली. त्याच रात्रीपासून पाऊस लागला, पर्लकोटा नदीचं पाणी पुलावरून वाहू लागलं आणि भामरागडची वाट बंद झाली. तिच्या गावात फोन लागत नाही.

ते दिवस कसे काढले, सांगू नये. ह्यांनी डेपोतल्या एका ओळखीच्या वनरक्षकाच्या हाती निरोप धाडला. त्याची नेमणूक ललिताच्याच भागात होती, नाल्यांवरून पायी जाणार होता. निरोप एवढाच: ललिताला एकटं सोडू नका, काकू येत आहेत.

मधल्या काळात मी गडचिरोलीला जिल्हा रुग्णालयात गेले. मनाच्या आजाराच्या विभागात एक समुपदेशक बाई बसतात, माझ्याच वयाच्या. मी गेल्या गेल्या विचारलं, "एकीमागे एक अशा कशा जातात? गेलेली खरंच ओढते का?"

"गेलेली काहीच करत नाही," त्या म्हणाल्या. "पण मागे राहिलेल्यांत एखादी आधीच आतून खचलेली असते. तिला वाटतं, ती माझ्यासारखीच होती, माझ्याच वयाची, माझ्याच मैदानावरची. तिनं केलं, म्हणजे हेही करता येतं. आधी जो विचार दूर होता, तो ओळखीचा होतो. त्यात आपण म्हणतो, ती सुटली. सगळे तिच्यासाठी रडतात. जिवंत असलेलीला वाटतं, माझ्यासाठी कोण रडतं?"

मला तुझा तो "आता" तिथं, त्या लाकडी खुर्चीवर, ऐकू आला.

"मग आम्ही गप्पच बसलो ते बरं केलं ना?" मी विचारलं. "विषय काढला असता तर अजून पोरींच्या डोक्यात भरलं असतं."

"गप्प कुठे बसलात? गावभर बोलणं चाललंय. फक्त ज्या पोरीला विचारायला हवं, तिला कुणी विचारत नाही." त्या थोडं पुढे झुकल्या. "सरळ विचारा. मरावंसं वाटतं का, असं. विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही. असला तर बाहेर यायला वाट मिळते. आणि ही इच्छा कायम एवढीच तीव्र राहत नाही. वाढते, ओसरते. वाढलेली असते तेव्हा सोबत माणूस पाहिजे, आणि नंतर उपचार."

येताना मी चौकात उतरले. प्रज्ञाच्या शेजारी तुझाही फ्लेक्स लागला होता. दोघी जणी ढगात. खाली दोन शाळकरी मुली उभ्या राहून वर पाहत होत्या. एक म्हणाली, "किती छान दिसून राह्यल्या ना!" मी तिथूनच डेपोत फोन लावला. ह्यांना बोलावून घेतलं. ह्यांनी शिडी आणली, प्रज्ञाचा फ्लेक्स स्वतःच्या हातानं सोडवला, गुंडाळला आणि तिथंच खाली बसून ढसाढसा रडले. तुझा आम्ही काढला नाही, तो हक्क आमचा नव्हता. तो तुझ्या मामांनी लावला होता, त्यांच्याकडे जाऊन मी हात जोडले. ते आधी खेकसले, मग दोन दिवसांनी त्यांनीही उतरवला. मैदानावरच्या पोरींनी मात्र मला खूप नावं ठेवली. स्वतःच्या लेकीचा फोटो काढणारी आई!

त्याच आठवड्याच्या बाजारी मी भांडलेसुद्धा. बांगडीवाली एकीला तेच सांगत होती, दोन गेल्या, तिसरी जाईनच. मी आयुष्यात बाजारात आवाज चढवला नव्हता. म्हटलं, "माही पोरगी अंधाराले भ्यायची! एकटी मागच्या अंगणात जात नव्हती. ती कोणाले न्यायले येईन? आन् तिसरी कोण? नाव घे. तिसरी कोणी नाई. एक ललिता हाये, ती जित्ती हाये, तिले जगू द्या!" शाळेची मॅडम अशी बोलते म्हणून लोक गोळा झाले. बांगडीवाली खाली पाहत म्हणाली, "मी कुठी वाईट चितलं, मॅडम? लोक म्हन्तात म्हून म्हन्लं." तीही खोटं बोलत नव्हती. कुणीच वाईट चिंतलं नव्हतं, रोशनी. तरी ललिताभोवती कुंपण होत चाललं होतं.

पाणी उतरलं तशी आम्ही दोघं भामरागडला गेलो आणि पुढे पायी. ललिता शेतात, धानाच्या बांधीत होती; रोवणा, म्हणजे लावणी, चालू होता. चिखलात वाकून ती धानाचं रोप लावत होती, तिची आई बाजूला. मला पाहून ती सरळ उभी राहिली, पण बाहेर आली नाही. मग मीच साडी खोचली आणि चिखलात उतरले.

वाटभर पाठ केलेलं सगळं विसरले. म्हटलं, "ललिता, तुले मरावं वाटते का?"

शब्द बाहेर पडला आणि मला वाटलं, हे काय बोलून बसले! ती माझ्याकडे बघत राहिली. हातातलं रोप खाली पडलं. मग म्हणाली, "हो काकू. वाटते." आणि लहान मुलीसारखी रडायला लागली. "मले कोनीच इचारलं नाई. साऱ्यायनं फक्त पाह्यलं."

तिची आई काम सोडून आली. तिला मराठी फार येत नाही. ललितानं आपल्या बोलीत तिला सांगितलं, सगळं, माझ्यासमोर. आईनं लेकीच्या हातावरचा चिखल आपल्या हातानं पुसला. मग जे बोलली ते ललितानं मला सांगितलं, हुंदके देत देत: "आई म्हन्ते, पुलावरून पानी जात असते तवा आपुन निघत नाई. काठावर बसतो. पानी उतरते. तू बस, मी तुह्यासंग बसतो."

पाणी लगेच उतरलं नाही. तुला खोटं सांगणार नाही. ललिता आईसोबत माझ्याकडे आली, त्या समुपदेशक बाईंना भेटली, डॉक्टरांच्या गोळ्या सुरू झाल्या. मध्येच बंद केल्या, पुन्हा सुरू केल्या. काही सकाळी ती अंथरुणातून उठतच नाही. एकदा म्हणाली, रोशनी आणि प्रज्ञा दोघी गेल्या आणि मी जेवते, हसते, याची लाज वाटते. त्या दिवशी ती स्वतः येऊन मला म्हणाली, "काकू, आज वाढलं हाये." आम्ही शाळेच्या व्हरांड्यात बसून राहिलो, सुट्टी झाल्यावरही. संध्याकाळी ती म्हणाली, भूक लागली.

आता ती माझ्याच घरी राहते, प्रज्ञाच्या खोलीत. तिनं खोली बदलून टाकली आहे, खाट खिडकीकडे ओढली. मला आधी जड गेलं. मैदानावर अधूनमधून जाते. पोरी परत येऊ लागल्या आहेत. परवा एक नवीन पोरगी गोळा फेकताना घाबरत होती, तर ललिता ओरडली, "अंडं नाई ते!" आणि मग दिवसभर एक शब्द बोलली नाही.

हे सगळं तुझ्या वेळी का सुचलं नाही, असं तू विचारशील. मी रोज विचारते. तू मला सोडून गेलीस असं म्हणू, की मी तुला सोडलं असं म्हणू? समुपदेशक बाई म्हणतात, दोन्ही म्हणू नका, तुम्ही दोघी एकाच दुःखात बुडालेल्या होतात. पण मन ऐकत नाही. एक नक्की सांगते. तू सुटली नाहीस. तू संपलीस, आणि तुझ्याबरोबर तुझं ते टाचा उचलणं, तुझा चहा, तुला पुढे मिळायच्या होत्या त्या कितीतरी चांगल्या संध्याकाळी संपल्या. एखाद्या पावसाळ्यात तुलाही बरं वाटलं असतं गं! ते बरं वाटणं पाहायचं राहून गेलं, याचं मला सगळ्यात जास्त दुःख आहे.

उद्या तुझ्या आईला मी काय सांगू? तू केलेला भात सांगेन. ह्यांच्यासाठी तापवलेलं पाणी सांगेन. स्वप्नाचंही सांगेन, आणि त्या स्वप्नात माझ्या लेकीनं तुला नेलं नाही हेही सांगेन. ती चिडेल. पुन्हा हाकलेल कदाचित. हाकललं तर ओट्यावर बसेन.

पण बाजारात आज मी तिला नीट पाहिलं, रोशनी. गळ्याची हाडं दिसत होती. तुझी धाकटी बहीण शाळेत भेटते, सांगते, आई स्वयंपाक करते पण ताटावर बसत नाही. लोक म्हणतात, सुमनबाई खंबीर आहे, पोरगी गेली तरी बाजार चुकवत नाही. लोकांना काय कळतं! मी हे खंबीरपण पाहिलेलं आहे, माझ्या स्वयंपाकघरात, तुझ्यात.

म्हणून माझा तुला शब्द आहे. उद्या तुझं काही सांगायच्या आधी मी तुझ्या आईचे हात हातात घेईन आणि तिला सरळ विचारेन, "सुमनबाई, तुमाले मरावं वाटते का?" ती हो म्हणाली तर घाबरणार नाही, नाही म्हणाली तर लगेच सुटकेचा निःश्वास टाकून उठणार नाही. तिला गडचिरोलीला नेईन. पुढच्या बाजारी तिच्या पालाशेजारी बसेन, आणि त्याच्या पुढच्या बाजारीही.

दुपारी येजा म्हणाली आहे. मी सकाळीच जाईन.

तुझी काकू,
प्रज्ञाची आई